सॅमनला बांगड्यासारखे वागवा: घरच्या भांड्यांत, कमी तेलात

दादर_पश्चिम

जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि मुंबईच्या बाजारातील ताजी मासळी रोडावते. या दिवसांत गोठवलेल्या सॅमनची पाकिटे आता अनेक मराठी घरांत येऊ लागली आहेत, आणि ज्यांना डॉक्टरांनी ओमेगा-३ वाढवायला सांगितले आहे त्यांच्याकडे ती वर्षभर येतात. मात्र घरी आणलेल्या तुकड्यांचे पुढे काय होते हे पाहिले, तर बहुतेक ठिकाणी दोनच प्रकार दिसतात. एक तर रवा लावून भरपूर तेलात तळले जाते, नाही तर अर्ध्या नारळाचे वाटण घालून कालवण उकळले जाते. पापलेटला आणि रावसाला या दोन्ही रीती शोभतात. सॅमनला शोभत नाहीत, आणि ज्या कारणासाठी तो महागडा मासा आणलेला असतो, त्या कारणालाच त्या मारक ठरतात.

सॅमन हा अंगातच भरपूर चरबी असलेला मासा आहे. मत्स्यशेतीतील अटलांटिक सॅमनच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात साधारण २०८ कॅलरी, २० ग्रॅम प्रथिने आणि १३ ग्रॅम चरबी असते. रावसाला दुकानदार ‘इंडियन सॅमन’ म्हणत असले, तरी तो निराळ्या कुळातला आणि कमी चरबीचा मासा आहे. म्हणून रावसाची कृती जशीच्या तशी इथे चालत नाही. रव्याचे आवरण तेल शोषून घेते, त्या तेलात बहुधा ओमेगा-६ भरपूर असते, आणि मुळात चरबीयुक्त असलेल्या तुकडीवर वरून आणखी चरबी चढते. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे खाण्याची शिफारस करते. त्यातही तिचा भर न तळलेल्या आणि चरबीयुक्त माशांवर आहे.

चरबीयुक्त मासा आपल्याला नवा नाही. बांगडा आणि तारली यांना कोकणी स्वयंपाकघराने पिढ्यान् पिढ्या आंबट, तिखट आणि तिरफळाची जोड दिली आहे, आणि त्यांच्या तिखल्यात, म्हणजे तिखट-आंबट पातळ कालवणात, नारळ एक तर नसतो किंवा नावापुरता असतो. आमसुलाचा आंबटपणा चरबीचा जडपणा कापतो आणि तिरफळ तिचा उग्र वास झाकते. माझे म्हणणे एवढेच आहे की सॅमन घरी आला की रावस विसरावा आणि बांगडा आठवावा.

तिरफळ-आमसुलाचे सॅमन. चार तुकड्यांसाठी सात-आठ बेडगी मिरच्या भिजवून, चार लसूण पाकळ्या आणि अर्धा चमचा हळद घालून बारीक वाटाव्यात. सहा-सात तिरफळे घ्यावीत, आतल्या काळ्या बिया काढून टाकाव्यात आणि साले जराशी ठेचावीत. पसरट पातेल्यात दोन वाट्या पाणी, वाटण, तिरफळ, पाच आमसुले आणि बेताचे मीठ घालून रस आधी चांगला उकळून घ्यावा. मिरचीचा कच्चा वास गेला आणि चव जमली, की गॅस अगदी मंद करावा, उकळी पूर्ण बसू द्यावी आणि मगच तुकड्या अलगद सोडाव्यात. झाकण ठेवून सहा-सात मिनिटे ठेवले की पुरे. रस खदखदता कामा नये. फोडणी लागत नाही, कारण थोड्याच वेळात माशाचीच केशरी तेलकट तर्री रसावर येते.

केळीच्या पानातले सॅमन. पारशी घरांतील पातरानी मच्छीची ही काटकसरी आवृत्ती आहे. कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, लसूण, जिरे आणि लिंबाचा रस यांच्या चटणीत ओले खोबरे दोनच मोठे चमचे घालावे. पान गॅसच्या आचेवरून फिरवून मऊ करावे, म्हणजे दुमडताना फाटत नाही. तुकडीच्या दोन्ही बाजूंना चटणी लावून पुडी बांधावी आणि मोदकपात्रात, पाण्याला उकळी आल्यावर, दहा ते बारा मिनिटे वाफवावी. तेलाचा थेंबही लागत नाही. ज्यांच्या इमारतीत मासळीच्या वासावरून कुरबुरी होतात, त्यांनी तर हीच पद्धत धरावी, कारण वास बराचसा पानातच राहतो.

तव्यावरची आणि ओव्हनमधली पद्धत चर्चेच्या ओघात लिहीन. तूर्त दोन गोष्टी नोंदवून ठेवतो. पाकीट ओट्यावर ठेवून वितळवू नये. मुंबईच्या हवेत बाहेरचा भाग तासाभरात कोमट होतो आणि आतला बर्फच राहतो. आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवावे, आणि निर्वात पाकीट असेल तर ते आधी फोडून तुकड्या झाकणाच्या डब्यात काढाव्यात. बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचा एक प्रकार हवेविना, फ्रीजच्या थंडाव्यातही वाढू शकतो, म्हणून ही खबरदारी घ्यायची. दुसरे असे की मासा आमसूल किंवा लिंबाच्या रसात तासन् तास मुरवू नये. आंबटाने बाहेरचे मांस आधीच पांढरे पडते आणि शिजल्यावर भुसभुशीत लागते. पंधरा-वीस मिनिटे पुरेशी होतात.

सातवा_मजला

उत्तम धागा. आमच्याकडे मोदकपात्र गणपतीशिवाय माळ्यावरून खाली येत नाही, आता येईल. प्रश्न असा आहे की मासा शिजला हे ओळखायचे कसे? पापलेटचा अंदाज हाताला आहे, परंतु सॅमन आधीपासूनच गुलाबी असल्यामुळे रंगावरून काही कळत नाही. शिवाय माझ्या तुकड्यांवर प्रत्येक वेळी पांढरा, दह्यासारखा साका जमतो. ती चरबी आहे काय?

दादर_पश्चिम

ती चरबी नव्हे. ते अल्ब्युमिन नावाचे प्रथिन आहे. मांसाचे तंतू आचेने आकसले की ते बाहेर ढकलले जाते आणि पृष्ठभागावर गोठते. खाण्यास ते निर्धोक आहे, मात्र ते भरपूर आले याचा अर्थ आच मोठी होती किंवा वेळ जास्त झाला. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून तुकड्या दहा मिनिटे त्यात ठेवल्या आणि नंतर कोरड्या केल्या, तर हा साका बराच कमी होतो. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ मोजावे लागते, त्यांनी हा उपाय सोडून द्यावा आणि आच कमी ठेवावी.

शिजल्याची खूण रंगापेक्षा पोतात शोधावी. कच्चे मांस काहीसे पारदर्शक आणि चकचकीत दिसते; शिजलेले अपारदर्शक होते आणि काटा चमच्याने हलके दाबताच पाकळ्या सुट्या होतात. स्वयंपाकाचा थर्मामीटर असल्यास तुकडीच्या सर्वांत जाड भागात ६३ अंश सेल्सिअस दिसले पाहिजे, अशी अमेरिकेतील अन्नसुरक्षा यंत्रणांची शिफारस आहे. उपाहारगृहांतील आचारी पुष्कळदा ५० ते ५२ अंशांवर मासा उतरवतात, कारण तेव्हा तो लोण्यासारखा मऊ असतो. घरात वृद्ध, गरोदर स्त्री, लहान मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले कोणी असेल, तर त्या मऊपणाच्या मागे लागू नये. चुलीवरून उतरवल्यावरही जाड तुकडीचे तापमान दोन-तीन अंश चढते. ६० अंशांवर उतरवून, झाकून ठेवून, पुन्हा तपासले तर मासा सुरक्षितही होतो आणि कोरडाही पडत नाही.

खाडीकाठ

एक विरोधी सूर लावतो, राग मानू नये. बांगड्यासारखाच शिजवायचा असेल, तर बांगडाच का आणू नये? तो इथल्या समुद्रातला आहे, त्यातही ओमेगा-३ भरपूर असते, आणि एका सॅमनच्या पैशांत आठवडाभराचे बांगडे येतात. नॉर्वे किंवा चिलीहून विमानाने नाही तर शीतपेटीतून आलेला मासा आरोग्यासाठी खायचा आणि भाऊच्या धक्क्यावर उतरलेला ताजा बांगडा ‘रोजचा’ म्हणून सोडायचा, ही मानसिकता मला कळत नाही. त्यातच शेतीच्या सॅमनमध्ये प्रदूषके असतात, असेही वाचले आहे.

दादर_पश्चिम

राग मानण्यासारखे यात काहीच नाही. बांगडा, तारली आणि पेडवे ज्यांना आवडतात आणि पचतात, त्यांना केवळ ओमेगा-३ साठी सॅमनची गरज नाही, हे मी ठामपणे म्हणेन. सॅमनची सोय दोन बाबतींत आहे. पहिली काट्यांची. आमच्या घरी ऐंशीच्या घरातील आई आहेत आणि शाळकरी नातू आहे. बांगड्याचे आणि पेडव्यांचे काटे दोघांनाही जमत नाहीत. सॅमनच्या फिलेमध्ये, म्हणजे मधला काटा काढलेल्या मांसाच्या तुकड्यात, उरलेले थोडे काटे बोटांनी चाचपून चिमट्याने उपटता येतात. दुसरी सोय बंदीच्या महिन्यांतली.

प्रदूषकांचा मुद्दा खोटा नाही, पण तो आता जुना होत आला आहे. २००४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेतीच्या सॅमनमध्ये पीसीबीसारखी घातक औद्योगिक रसायने रानटी सॅमनपेक्षा अधिक आढळली होती. ती बहुतांशी माशाच्या तेलापासून बनवलेल्या खाद्यातून येत. त्यानंतर खाद्यातील बराच भाग वनस्पतिजन्य तेलांचा झाला. त्यामुळे ही रसायने घटली, आणि त्याचबरोबर ओमेगा-३ देखील घटले. स्कॉटलंडमधील शेतीच्या सॅमनमध्ये २००६ ते २०१५ या काळात ईपीए आणि डीएचए (माशांतील ओमेगा-३ चे दोन मुख्य प्रकार) जवळपास निम्म्यावर आले, असे तेथील संशोधकांनी दाखवले आहे. तरीही इतर बहुतेक माशांच्या तुलनेत ते प्रमाण चांगलेच राहते. पाऱ्याच्या बाबतीत मात्र सॅमन निर्विवादपणे सुरक्षित गटात मोडतो. ज्यांना शंका वाटते त्यांनी त्वचा आणि तिच्याखालचा करडा थर शिजल्यानंतर काढून टाकावा, कारण अशी रसायने चरबीत साठतात. मी काढत नाही, कारण ओमेगा-३ सुद्धा तिथेच अधिक असते.

पाटावरवंटा

तिरफळाची कृती करून पाहिली. यजमानांना आवडली, फक्त दुसऱ्या दिवशी उरलेले कालवण गरम केल्यावर मासा चिवट झाला. बांगड्याचे कालवण दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेले लागते, म्हणून मुद्दाम जास्त केले होते. आणखी एक विचारायचे आहे. आमच्या सासूबाई दही आणि मासा एकत्र चालू देत नाहीत, तर तव्यावर किंवा ओव्हनमध्ये करताना मुरवण्यासाठी दह्याऐवजी काय घ्यावे?

दादर_पश्चिम

बांगड्याशी साम्य तिथे संपते, हे आपण बरोबर टिपले आहे. फिलेला हाडांचा आधार नसतो. पुन्हा उकळी आली की त्यातले पाणी निघून जाते. रस हवा तेवढा जास्त करावा आणि मुरू द्यावा, तुकड्या मात्र त्या-त्या वेळी सोडाव्यात. मासा उरलाच, तर तो गरम न करता चुरावा. त्यात बारीक कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू आणि मिरपूड घालून कोशिंबिरीसारखा भाकरीबरोबर खावा. फ्रीजमध्ये दोन दिवसांच्या पुढे ठेवू नये.

दही मुळीच आवश्यक नाही. आले-लसणाची गोळी, हळद, मिरपूड, थोडी धणेपूड आणि लिंबाचा रस पुरेसा आहे. सासूबाईंचा शब्दही राहील.

तव्यासाठी तुकडी स्वच्छ कापडाने टिपून अगदी कोरडी करावी. ओली तुकडी तव्याला चिकटते आणि मग आपण तेल वाढवत जातो. तवा मध्यम तापला की अर्धा चमचा तेल पुसल्यासारखे फिरवावे आणि तुकडी त्वचेच्या बाजूने ठेवून उलथन्याने काही क्षण दाबून धरावी, म्हणजे त्वचा आकसून वाकत नाही. त्यानंतर हात लावू नये. कडेने पाहत राहिले तर मांसाचा फिकट झालेला भाग खालून वर चढताना दिसतो. तो पाऊण उंचीपर्यंत आला, म्हणजे साधारण पाच-सहा मिनिटांनी, तुकडी उलटावी आणि मिनिट-दोन मिनिटांत उतरवावी. तव्यात जे तेल दिसते, त्यातले बरेचसे माशाचेच असते.

ओव्हन असल्यास १८० अंशांवर, अडीच सेंटीमीटर जाडीच्या तुकडीला बारा ते पंधरा मिनिटे लागतात. खाली पडवळाच्या पातळ चकत्या, टोमॅटो आणि कांद्याची पात पसरावी, वर मासा ठेवावा आणि बटर पेपरची पुडी बांधावी. अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये लिंबू किंवा आमसूल लावलेला मासा थेट गुंडाळू नये, कारण आंबटामुळे धातू अन्नात उतरतो. फॉइल वापरायचीच असेल तर आत केळीचे पान घालावे.

रविवारची_पिशवी

एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर आठ-नऊ मिनिटांत छान होतो. खालच्या भांड्यात दोन चमचे पाणी ओतावे, नाही तर गळलेली चरबी जळून घरभर धूर होतो. आमच्याकडे गॅसच्या जाळीवर ठेवून तंदुरीसारखा भाजण्याचाही प्रकार आहे. त्यात तेल अजिबात नसते, म्हणजे तो सर्वांत आरोग्यपूर्ण म्हणायचा काय?

दादर_पश्चिम

म्हणू नये. थेट ज्वाळेवर मांस वा मासा काळा पडेपर्यंत भाजला, तर त्यात कर्करोगाशी संबंध जोडली गेलेली काही संयुगे तयार होतात, आणि ज्वाळेवर चरबी ठिबकून उठणाऱ्या धुरातून तशीच आणखी काही त्यावर बसतात. सॅमनची चरबी तर ठिबकतेच. कधीमधी चवीसाठी भाजायला हरकत नाही, परंतु ‘तेल नाही म्हणजे पथ्याचे’ हे समीकरण इथे लागू पडत नाही. भाजायचा असेल तर केळीच्या पानात गुंडाळून भाजावा आणि करपलेला भाग खाऊ नये.

आमसूल

एअर फ्रायर आणि ओव्हन यांच्या गर्दीत एक साधी गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे वाढण्याचे प्रमाण. पाकिटात येणारी फिले बऱ्याचदा २०० ग्रॅमची असते. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला, तर ती एकट्याने संपवल्यास नुसत्या माशाच्या चारशेहून अधिक कॅलरी झाल्या. त्यावर भात वेगळा. मी कच्ची तुकडी १०० ते १२० ग्रॅमची कापते आणि ताटात नाचणीची किंवा तांदळाची एक भाकरी, काकडीची कोशिंबीर आणि एखादी पालेभाजी ठेवते. वाफवलेला मासा बेचव लागतो अशी तक्रार करणाऱ्यांना कोशिंबीर आणि भाकरी दिली की तक्रार थांबते, असा माझा अनुभव आहे.

खरेदीबाबतही थोडे लिहिते. पाकिटात बर्फाचे मोठे खडे किंवा गोठलेले गुलाबी पाणी दिसले, तर मासा मध्ये कुठे तरी वितळून पुन्हा गोठलेला असण्याची शक्यता असते. तो घेऊ नये. लेबलवर जात आणि देश वाचावा. अटलांटिक असे लिहिले असेल, तर तो बहुधा शेतीचा आणि चरबीयुक्त असतो, त्याला तवा आणि ओव्हन दोन्ही चालतात. पिंक, चम किंवा सॉकाय या पॅसिफिक जाती कमी चरबीच्या असतात आणि चटकन कोरड्या पडतात. त्यांना वर दिलेले तिरफळाचे पातळ कालवण किंवा केळीचे पानच बरे.

सातवा_मजला

आणखी दोन शंका आहेत. वडिलांचे युरिक अॅसिड वाढलेले असते, त्यांना हा मासा चालेल काय? आणि मुलगी घरीच सुशी करण्याचा हट्ट धरून बसली आहे.

दादर_पश्चिम

युरिक अॅसिड वाढवणाऱ्या प्युरिनचे प्रमाण तारली आणि मांदेलीसारख्या अख्ख्या खाल्ल्या जाणाऱ्या लहान माशांत पुष्कळ असते. सॅमनमध्ये ते मध्यम असते. वडिलांच्या डॉक्टरांना विचारून, लहान तुकडीच्या मर्यादेत ठरवावे. वाफवलेला मासा त्यातल्या त्यात बरा. रस्सा मात्र त्यांना कमी वाढावा, कारण प्युरिन पाण्यात उतरते.

सुशीला माझा स्पष्ट नकार आहे. कच्च्या माशातील परजीवी मरण्यासाठी तो उणे २० अंशांवर सात दिवस ठेवावा लागतो, आणि दार सतत उघडल्या जाणाऱ्या घरगुती फ्रीजरच्या तापमानाचा भरवसा देता येत नाही. पाकिटावर ‘शिजवून खावा’ असे असेल, तर तो शिजवूनच खावा. मुलीला हौस असेल तर चिकट भातात शिजवलेला, चुरलेला सॅमन आणि काकडी घालून गुंडाळी करता येते. चवीला ती कमी नाही. बाजारातील थंड धुराचा (कोल्ड-स्मोक्ड, म्हणजे न शिजवलेला) सॅमन म्हणजे पर्याय, असेही समजू नये. त्यात मीठ फार असते आणि लिस्टेरिया या जंतूंच्या धोक्यामुळे गरोदर स्त्रियांना तो टाळण्यास सांगितले जाते.

खाडीकाठ

काट्यांचा मुद्दा मान्य. आमच्याकडेही आजोबा आहेत, त्यांच्यासाठी पानातला करून पाहीन. फक्त चटणीत पुदिना घालू की नुसती कोथिंबीर? पुदिन्याने माशाची चव मरते असे घरातल्यांचे मत आहे.

दादर_पश्चिम

एवढ्या चरबीच्या माशाची चव पुदिन्याने मरत नाही, पण कोथिंबिरीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक घालू नये. आजोबांसाठी मिरची कमी करून थोडे आले वाढवावे, आणि पुडी बांधण्यापूर्वी तुकडीवरून डोक्याकडून शेपटीच्या दिशेने बोट फिरवून काटे पुन्हा एकदा तपासावेत.